इंदूरच्या तुरुंगातली राखी

2002 साली इंदूरच्या मध्यवर्ती तुरुंगात सिस्टर सेल्मी पॉल या धर्मभगिनीने समंदरसिंग नावाच्या जन्मठेपेच्या कैद्याला राखी बांधली. सात वर्षांपूर्वी याच माणसाने त्यांच्या थोरल्या बहिणीला, सिस्टर राणी मारिया यांना, बसमधून खाली ओढून चाकूने भोसकून मारले होते. ही हकीकत गेल्या वीस-बावीस वर्षांत पुष्कळदा सांगितली गेली. तिच्यावर चित्रपट निघाले, प्रवचने झाली, आणि बहुतेक वेळा ती क्षमेचा चमत्कार म्हणूनच सांगितली गेली. चमत्कार म्हटले की विचार थांबतो. म्हणून इथे ती इतिहासातली एक घटना म्हणून मांडायची आहे. माळव्यात आणि मराठी मुलखात ख्रिस्ती श्रद्धेने माणसाला आपलेपण दिले ते कोणत्या मार्गाने, त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे. माझे म्हणणे असे की इंदूरच्या त्या राखीने या प्रश्नाचे एक नवे आणि अधिक खरे उत्तर दिले. तोवर हे आपलेपण बहुधा एक घर सोडून दुसऱ्या घरात आलेल्याला मिळत असे. इथे श्रद्धा बाळगणारी माणसे स्वतः उठून परक्याच्या दारी गेली, त्याच्याच रीतीने त्याच्याशी नाते जोडले, आणि त्यातच त्यांना समाधान सापडले.

आधीचा मार्ग कसा होता ते इंदुरातच पाहता येते. कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन चर्चचे मिशनरी 1877 मध्ये इथे आले. शहराचे तेव्हा दोन भाग होते. राजवाडा, सराफा आणि जुन्या पेठा होळकरांच्या अमलाखाली. रेसिडेन्सीचा परिसर इंग्रजांच्या. मिशनऱ्यांचे बस्तान साहजिकच रेसिडेन्सीच्या आधाराने बसले, आणि भर बाजारात प्रवचने करण्यावरून संस्थानाशी त्यांचे खटके उडाले. पुढे शाळा आल्या, स्त्रियांचे इस्पितळ आले, आणि 1887 मध्ये डॉ. जॉन विल्की यांच्या पुढाकाराने इंदूर ख्रिश्चन कॉलेज सुरू झाले. ते कॉलेज शहराने मनापासून आपले मानले. मराठी, हिंदी, उर्दू बोलणाऱ्या घरांतली पोरे तिथे शिकली. किशोरकुमार तिथलेच विद्यार्थी. पण कॉलेज आपले झाले म्हणून ख्रिस्ती माणूस आपला झाला, असे घडले नाही. त्या काळी बाप्तिस्मा घेतलेल्याला वाड्यात, पंगतीत, विहिरीवर जागा उरत नसे. तो मिशनच्या आवारात राहायला जाई. तिथे त्याला नोकरी, शाळा, प्रार्थना आणि सोबत मिळे, आणि कुंपणाबाहेरचे जग तुटे. आपलेपण मिळे खरे, पण ते एका आपलेपणाच्या बदल्यात.

मराठी वाचकाला हे नव्याने सांगायला नको. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा संसार दुभंगला. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या आणि घर पुन्हा सांधायला काही वर्षे जावी लागली. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला आणि पुण्यात कालपर्यंत त्यांना डोक्यावर घेणाऱ्यांतले अनेक जण दूर गेले. शिवाय ज्या चर्चमध्ये त्या गेल्या तिथल्या अधिकाऱ्यांशीही त्यांचा वाद झाला, कारण त्यांना विचार उसना घ्यायचा नव्हता. दोघांनाही श्रद्धेत आनंद मिळाला. त्यांच्या लेखनाचा शब्दन्शब्द ते सांगतो. पण मिशनच्या आवाराबाहेर आपल्या माणसांत परत कसे जायचे, हा काटा दोघांच्याही आयुष्यात शेवटपर्यंत राहिला. टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, 1917 मध्ये, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला तो याच काट्यापायी. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ज्यात ख्रिस्ताभोवती बसू शकतील असा तो मेळा होता. दोनच वर्षांनी, मे 1919 मध्ये, ते वारले आणि दरबार बाळसे धरण्याआधीच ओसरला. तो प्रयत्न मराठी ख्रिस्ती इतिहासातली सर्वांत दूरदृष्टीची कल्पना होती असे मी मानतो. आणि इंदूरच्या तुरुंगात जे घडले ते, या माणसांना टिळकांचे नावही ठाऊक नसेल तरी, त्याच दिशेने पडलेले पाऊल होते.

या गोष्टीतली माणसे कॅनडाची नव्हती, केरळची होती. राणी मारिया यांचे पाळण्यातले नाव मरियम वट्टालिल. जन्म 29 जानेवारी 1954, एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पुल्लुवळी गावी, शेतकरी कुटुंबात. घराणे सीरो-मलबार पंथाचे, म्हणजे संत थॉमसची परंपरा सांगणाऱ्या, युरोपीय लोक येण्याच्या कित्येक शतके आधीपासून या देशात असलेल्या ख्रिस्ती समाजाचे. या समाजाच्या वाट्याला मिशनच्या आवारातला परकेपणा कधी आला नव्हता. तो आपल्या मुलखात मुरलेला होता. पण मुलखाबाहेर जाण्याची सवयही त्याला फारशी नव्हती. 1962 मध्ये विदर्भातल्या चांद्याला त्यांचे केरळबाहेरचे पहिले धर्मक्षेत्र झाले, मग 1968 मध्ये सतना, उज्जैन. केरळातल्या मुली धर्मभगिनी होऊन विंध्य-सातपुड्याच्या खेड्यांत येऊ लागल्या त्या या लाटेत. राणी मारिया फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात दाखल झाल्या. केरळच्या संत अल्फोन्सा याच संघाच्या. 1974 मध्ये त्यांनी पहिली व्रते घेतली, आणि बिजनोर, मग सतना भागातले ओडगडी असे करत मे 1992 मध्ये त्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला पोहोचल्या.

उदयनगर तेव्हा बागली तालुक्यात, इंदूरच्या आग्नेयेकडच्या डोंगराळ पट्ट्यात. वस्ती मुख्यतः आदिवासींची. शेती कोरडवाहू, पावसाआधी बियाणे सावकाराकडून, दुखणे आले की पैसा सावकाराकडून, लग्न निघाले की पैसा सावकाराकडून. पीक हाती आले की पहिला वाटा त्याचा, आणि एखाद्या साली पीक बुडाले की जमीनच गहाण. सरकारी योजना होत्या. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली अनुदानासह बँकेचे कर्ज मिळण्याची तरतूद 1980 पासून देशभर होती. पण बँकेच्या पायरीशी जायचे तर सात-बारासारखा उतारा हवा, फोटो हवा, जामीन हवा, आणि कारकुनापुढे उभे राहण्याचा धीर हवा. राणी मारिया यांनी हा धीर गावात आणायचे काम केले. बचतीचे गट, बँकेचे अर्ज, हक्काची माहिती, पोलीस ठाण्यात सोबत. यात रोमांचक असे काही नाही. अशा कामाने सावकाराचे गिऱ्हाईक मात्र कमी होते.

काळही बदलाचा होता, हे विसरू नये. 73 वी घटनादुरुस्ती एप्रिल 1993 मध्ये अमलात आली आणि तिच्याखाली पंचायतीच्या निवडणुका सर्वांत आधी घेणारे राज्य मध्य प्रदेशच, 1994 मध्ये. आदिवासींना राखीव जागा मिळाल्या, बायकांना मिळाल्या. ज्यांच्या ओसरीवर गावाचे निर्णय होत आले होते त्यांना आपल्या पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटू लागली. अशा वेळी शिकलेली, कोणाचे मिंधेपण नसलेली, बाहेरून आलेली एक बाई आदिवासींच्या बाजूने उभी राहते. तिला कोणत्या नजरेने पाहिले गेले असेल ते सांगायला नको.

25 फेब्रुवारी 1995 च्या सकाळी त्या उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसल्या. इंदूर, भोपाळ आणि मग केरळ, असा बेत होता. नाचनबोर टेकडीपाशी समंदरसिंगने बस थांबवून त्यांच्यावर चाकूचे वार केले, त्यांना खाली ओढले आणि रस्त्याकडेला संपवले. बस प्रवाशांनी भरलेली होती; कोणी मधे पडले नाही. अंगावर चोपन्न जखमा मोजल्या गेल्या. वय एक्केचाळीस. मृतदेह केरळला नेता आला असता, पण दोन दिवसांनी त्यांचे दफन उदयनगरलाच झाले. हा निर्णय मला फार बोलका वाटतो. परमुलखात मेलेल्याला आपण मायभूमीत परत नेतो. ज्या गावात त्या जेमतेम पावणेतीन वर्षे राहिल्या ते गाव त्यांची माती ठरले, याचा अर्थ त्यांच्या संघाने आणि घरच्यांनीही त्यांना आता उदयनगरचे मानले.

समंदरसिंगला जन्मठेप झाली. तो स्वतः पुढे सांगत आला की त्याला चिथावणारे दुसरेच होते, आणि तो आत गेल्यावर त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. म्हणून तुरुंगात त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती: सुटायचे आणि त्यांचा सूड घ्यायचा. म्हणजे एका खुनातून दुसरा खून निपजण्याच्या बेतात होता. इथे या कथेत एक विलक्षण माणूस येतो, स्वामी सदानंद. मूळचे फादर मायकल पोराट्टुकारा, सीएमआय या कॅथलिक संघाचे धर्मगुरू. पण राहणे भगव्या वस्त्रातल्या संन्याशाचे. ते तुरुंगात समंदरसिंगला भेटत राहिले. त्यांनी त्याच्या सुडाला आधी कान दिला, आणि सावकाश त्याच्याजवळ ही गोष्ट मांडली की ज्या बाईला तू मारलेस तिच्या घरच्यांना तुझा द्वेष वाटत नाही. त्याला ते खरे वाटणे अवघड होते. शब्दांवर विश्वास ठेवायला त्याच्याजवळ कारणही नव्हते. म्हणून मग बहीण स्वतः आली. सेल्मी पॉल यांनी त्याला राखी बांधली आणि भाऊ म्हटले.

या कृतीची निवड नीट पाहिली पाहिजे. ख्रिस्ती परंपरेत क्षमेच्या खुणा कमी नाहीत. पायांचे क्षालन आहे, क्रूस आहे, प्रायश्चित्ताचा संस्कार आहे. त्यांतले काहीही त्या भेटीच्या केंद्रस्थानी ठेवले गेले नाही. माळव्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला लहानपणापासून ठाऊक असलेला धागा निवडला गेला. राखीत एक वेगळेपण आहे: ती बांधणारी मागणारी असते आणि बांधून घेणारा देणारा. बहीण ओवाळते आणि भावाकडून रक्षणाचे वचन घेते. ज्याने रक्षणाच्या नेमके उलट केले त्याच्याकडे त्या रक्षण मागत होत्या. तू गुन्हेगार आणि मी क्षमा करणारी मोठ्या मनाची, ही वरची पायरी त्यात आपोआप निघून जाते. गुन्हेगाराला माफी मिळाली की तो ऋणी होतो, पण भाऊ झाला की त्याच्यावर जबाबदारी येते. ऋणाने माणूस वाकतो. जबाबदारीने, योग्य वेळी आली तर, ताठ होतो. शिवाय या धाग्याला कोणतीही अट जोडलेली नव्हती. त्याने आधी श्रद्धा बदलावी, मग आम्ही जवळ घेऊ, असा व्यवहार तिथे झाला नाही. नाते आधी आले.

नाते नुसते शब्दांचे राहिले नाही. राणी मारिया यांचे कुटुंब, संघ आणि इंदूरचे बिशप यांनी त्याच्या सुटकेसाठी राज्यपालांकडे दयेचा अर्ज केला. खुनासारख्या गुन्ह्यात जन्मठेपेच्या कैद्याला चौदा वर्षे काढल्याखेरीज साधी सूट मिळत नाही, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे 433-अ कलम सांगत असे; राज्यपालांच्या घटनादत्त अधिकाराला ती मर्यादा नाही. 2006 मध्ये, सुमारे अकरा वर्षांनी, तो बाहेर आला. जानेवारी 2007 मध्ये तो पुल्लुवळीला गेला, राणी मारिया यांच्या आईवडिलांपुढे उभा राहिला. आई एलीश्वा यांनी त्याचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले. माझ्या मुलीचे रक्त या हातांना लागलेले आहे, हे त्यांचे कारण होते, असे त्या प्रसंगाच्या वृत्तांतांत आले आहे. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरात सेंट पॉल शाळेच्या मैदानावर, कार्डिनल अँजेलो अमातो यांच्या उपस्थितीत, राणी मारिया यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाआधीच्या पायरीवर, घोषित करण्यात आले, तेव्हा हजारोंच्या त्या समुदायात तोही होता.

आता आक्षेपांकडे वळतो. ते हलके नाहीत. पहिला मध्य प्रदेशात नेहमी घेतला जातो: सेवा हा बहाणा, उद्देश धर्मांतराचा. त्याला इतिहास आहे. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा 1956 चा अहवाल आहे, 2021 पर्यंत लागू असलेला 1968 चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे, आणि त्याही आधी ‘हरिजन’मधले गांधीजींचे लेख आहेत. सेवेच्या मोबदल्यात श्रद्धा मागणे हे सेवेलाही आणि श्रद्धेलाही लांच्छन आहे, हा गांधीजींचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण तो मुद्दा या घटनेला लावून पाहिला की काय उरते? 2011 च्या जनगणनेत मध्य प्रदेशातले ख्रिस्ती एकूण लोकसंख्येच्या 0.3 टक्क्यांच्या आसपास होते. सव्वाशे-दीडशे वर्षांच्या शाळा, इस्पितळे, आश्रम यांनंतरचा हा आकडा आहे. धर्मांतर हेच या माणसांचे खरे काम असते, तर त्याच्याइतके फसलेले काम दुसरे सापडणार नाही, आणि फसलेल्या कामासाठी माणसे पिढ्यानपिढ्या घर सोडून येत नाहीत. उदयनगरात ज्यांना राणी मारिया नकोशा झाल्या त्यांचे दुखणे बँकेच्या पासबुकाशी होते. धर्मांतराचा आरोप अशा वेळी सोयीचा पडतो, कारण सावकारीचा बचाव उघडपणे करणे कठीण असते.

यातूनच दुसरा, अधिक सूक्ष्म आक्षेप निघतो. मग त्या श्रद्धेसाठी मेल्या असे का म्हणायचे? त्या गरिबांच्या हक्कासाठी मेल्या. चर्चने त्यावर आपला शिक्का का मारावा? या प्रश्नाचे उत्तर देताना बाबासाहेब आंबेडकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांचा जन्म इंदूरपासून हाकेच्या अंतरावरच्या महूचा. भारतातल्या ख्रिस्ती मिशनांवर त्यांनी कठोर लिहिले: संस्था मोठ्या उभ्या केल्या, पण त्यांचा लाभ वरच्या जातींनी उचलला, बाप्तिस्म्यानंतरही जात गेली नाही, आणि नव्या ख्रिस्ती माणसाला अन्यायाविरुद्ध उभे राहायला धर्माने शिकवले नाही, त्याच्या हालांचे मूळ समाजात न शोधता त्याच्याच पापात शोधायला शिकवले. ही टीका रास्त होती. इंदूर ख्रिश्चन कॉलेजच्या वैभवाकडे पाहतानाही ती टोचते. राणी मारिया यांच्या पिढीतल्या धर्मभगिनींनी या टीकेला लेख लिहून उत्तर दिले नाही. त्या अन्यायाच्या मुळाशी, कर्जाच्या वहीशी गेल्या. आणि तिथे त्यांना नेणारी गोष्ट श्रद्धाच होती. व्रत नसते तर पुल्लुवळीच्या शेतकऱ्याची मुलगी बागलीच्या डोंगरात येण्याचे कारणच नव्हते. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना 1980 मध्ये वेदीपाशी गोळी घातली गेली, तेव्हाही हाच वाद झाला: हा राजकीय खून की धर्मासाठीचे मरण? रोमने 2015 मध्ये त्यांना हुतात्मा मानले, आणि 2017 मध्ये राणी मारिया यांना. न्यायासाठी उभे राहणे हा श्रद्धेचा भाग आहे, हे चर्चने आपल्याच नियमांना थोडे ताणून मान्य केले. ताणले ते बरेच झाले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. क्षमेच्या या गौरवात न्यायाचे काय? हत्यार चालवणारा एक गरीब तरुण तुरुंगात गेला, पश्चात्तापाने पोळला, भाऊ झाला. पण ज्यांनी त्याला पुढे केले असे तो सांगतो, त्यांच्याबद्दल या कथेला फारसे बोलायचे नसते. एका मारेकऱ्याचे हृदयपरिवर्तन दाखवणे सोपे, सावकारीचे परिवर्तन दाखवणे अवघड. हे खरे आहे, आणि ही कथा सांगणाऱ्यांनी ते झाकू नये. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. एक, क्षमा न्यायाच्या आड आली नाही. खटला चालला, शिक्षा झाली, ऐन उमेदीची अकरा वर्षे गेली, आणि त्यानंतर सुटका मागितली गेली. ओडिशात मनोहरपूरला जानेवारी 1999 मध्ये मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जिवंत जाळली गेली, तेव्हा त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनीही क्षमा केली आणि कायद्याला आपले काम करू दिले. दुसरी गोष्ट, ही क्षमा झाली नसती तर पुढे काय होते ते समंदरसिंगनेच सांगितले आहे: आणखी एक खून. राखीने व्यवस्था बदलली नाही, पण एक मृत्यू नक्की टाळला. एवढ्याने समाधान मानावे असे मी म्हणत नाही. एवढे झाले हे मात्र मोजलेच पाहिजे.

असाच प्रकार युरोपातही घडलेला आहे, आणि त्याच्याशी तुलना केली की इंदूरचे वेगळेपण दिसते. 1902 मध्ये इटलीत मारिया गोरेत्ती या अकरा वर्षांच्या मुलीला अलेस्सांद्रो सेरेनेल्ली याने भोसकून मारले. सत्तावीस वर्षांच्या कैदेनंतर त्याने तिच्या आईची क्षमा मागितली, ती मिळाली, आणि उरलेले आयुष्य त्याने कापुचिन मठाच्या आश्रयाने काढले. तिथे मारणारा आणि मरणारी एकाच चर्चची लेकरे होती. क्षमेची भाषा दोघांनाही जन्मापासून येत होती, आणि गुन्हेगाराला परत यायला मठ होता. समंदरसिंगकडे यांतले काही नव्हते. त्याच्यासाठी मल्याळी घर आणि त्या घरचा देव दोन्ही परके. म्हणून त्याच्याकडे जायचे तर त्याच्या ओळखीच्या वाटेनेच जायला हवे होते, आणि त्या वाटेवर भगव्यातला एक संन्यासी व रक्षाबंधनाचा एक धागा भेटला. इंदूरने जगाच्या ख्रिस्ती इतिहासात घातलेली ही भर आहे, आणि ती आपल्या मातीतली आहे.

राहिला आनंदाचा प्रश्न. श्रद्धेत सुख मिळते, असे म्हटले की शंका येते: चोपन्न जखमांच्या गोष्टीत सुख कुठले? इथे राणी मारिया यांच्या फ्रान्सिस्कन संघाच्या मूळ पुरुषाकडे, असिसीच्या फ्रान्सिसकडे पाहावे लागते. खरा आनंद कशात, याबद्दल त्याच्या नावावर सांगितली जाणारी जुनी गोष्ट अशी की भर थंडीत, भुकेने व्याकूळ होऊन आपण आपल्याच मठाच्या दारी यावे, आतल्यांनी ओळख न दाखवता हाकलून द्यावे, आणि तरीही मन कडवट न व्हावे, हा तो आनंद. दारातून हाकलले जाण्यात आनंद आहे असे फ्रान्सिस म्हणत नाही. हाकलले गेल्यावरही मनात विष न साचण्यात तो आहे. एलीश्वा या आईच्या वागण्याकडे या प्रकाशात पाहिले तर कोडे सुटते. मुलगी गेल्याचे दुःख त्यांचे कधीच संपले नसेल. आईचे संपत नाही. पण त्या दुःखाला द्वेषाची जोड मिळाली नाही, आणि म्हणून घराला एक मुलगा मिळाला. आयुष्यातल्या दुःखाचे ओझे कमी करण्याचे आश्वासन ही श्रद्धा देत नसेल, तर ती फसवणूक आहे असे म्हणणारे आहेत. मला उलट वाटते. दुःख जाईल असे सांगणारा धर्म पहिल्या मोठ्या आघातातच खोटा पडतो. दुःखाने माणूस एकटा पडणार नाही, असे सांगणाऱ्या धर्माची परीक्षा या घरात झाली, आणि तो टिकला.

एक तक्रार मात्र नोंदवायलाच हवी. या सगळ्या कथेत उदयनगरच्या आदिवासींचा आवाज फार दबलेला आहे. बहिणीची क्षमा आहे, मारेकऱ्याचा पश्चात्ताप आहे, रोमचे फर्मान आहे. पण ज्यांच्यासाठी ती बाई बसमध्ये, बँकेत, ठाण्यात जात होती, त्यांची बाजू कागदावर जवळजवळ नाही. बचतगटात पहिली रक्कम भरणाऱ्या बायका आज साठी-सत्तरीत असतील. इंदुरात मराठी माणसांच्या शंभर वर्षांच्या वाचनसंस्था आहेत, महाविद्यालये आहेत, इतिहासाचे विद्यार्थी आहेत, आणि उदयनगर इंदूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. त्या बायका आहेत तोवर कोणीतरी वही घेऊन तिकडे जावे, आणि सावकाराच्या वहीतून आपले नाव कसे सुटले ते त्यांच्याच बोलीत उतरवून आणावे.